टर्बोच्या अंदाजपत्रकातली चौदावी बाब

ज्या खर्चाची गरज असते त्याचं अंदाजपत्रक कोणी करत नाही. ज्याची गरज नसते त्याचं मात्र चोख होतं. हा नियम सरकारला लागू आहे, देवस्थानाला लागू आहे आणि किन्हवलीच्या पलीकडे चार किलोमीटरवर राहणाऱ्या धाऊच्या घरालाही लागू आहे. त्या घरात एका लहान स्पोर्ट्स कारला टर्बो बसवण्याचं जे अंदाजपत्रक झालं, तसं तालुक्यात आजवर झालं नसावं. दोनशे पानी वही, तीन बैठका, चौदा बाबी, प्रत्येक बाबीसमोर कारण आणि वर दहा टक्के आकस्मिक खर्च. (याच घरात आदल्या श्रावणात एक खर्च निघाला होता. धाऊच्या बायकोच्या, सकुबाईच्या, छातीत कळ यायची. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली, अठराशे पन्नास रुपयांची. तिला वही लागली नाही. "भात झोडून झालं की बघू," एवढ्या एका वाक्यात ती बाब निकालात निघाली. वेळ किती वाचला पाहा.)

वही धाऊची. त्याने वाशिंदच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तिथे साधा बोल्ट हवा असला तरी कागदावर तीन रकाने भरावे लागत: काय हवं, किती हवं, कशाला हवं. तिसऱ्या रकान्यात लोक 'कामासाठी' असं लिहून मोकळे होत. धाऊ तो कागद परत करी. त्यामुळे कधी मशीन दुसऱ्या पाळीपर्यंत बंद राही, पण कागद स्वच्छ राही. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घराला शिस्त लागते. सकुबाई बाजाराला निघाली की तो विचारी, "मिरच्या किती? कशाला?"

"तुमच्या डोळ्यात घालाया," ती म्हणे.

हे तो लिहून घेत नसे.

आता गाडीविषयी. सदर वाहन लाल रंगाचं, दोन दारांचं, वरून उघडं आणि दोनच सीटचं आहे. इंजिन बाराशे सीसी, म्हणजे भाजी आणायच्या गाडीला असतं तेवढंच. उंची मात्र इतकी कमी की आत बसलेल्या माणसाकडे रस्त्यावरचं कुत्रं बरोबरीच्या नात्याने बघतं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. मुंबईच्या एका शेठने ती हौसेने घेतली, वैशाखऱ्याजवळच्या आपल्या फार्महाऊसवर आणली, एकदा माळशेजपर्यंत फिरवली आणि ताडपत्रीखाली ठेवून दिली. चार वर्षांनी धाऊच्या मुलाने, ऋतिकने, ती एक लाख चाळीस हजारांना घेतली. तोवर तिच्यात कोंबड्या राहत होत्या. कोंबड्या किमतीत धरलेल्या नव्हत्या.

गाडी दारात आली तेव्हा सकुबाईने तिला ओवाळलं, भोवती एक फेरी मारली आणि चौकशी सुरू केली.

"मागं बसायचं कुठं रे?"

"मागं सीट नसते आई. स्पोर्ट्स हाय ती."

"मंग तुज्या बापानं काय टपावर बसायचं?"

"टप पन नसतो."

"बसाया जागा नाय, पळवाया रस्ता नाय. गाडी हाय का देव्हारा?" असं म्हणून तिने चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आणि मग आत पाय ठेवला. पुढेही ती या गाडीत कधी चपला घालून बसली नाही.

देव्हाऱ्याचा उपयोग लवकरच निघाला. शहापूर-मुरबाडकडे हल्ली नवरदेव घोड्यावर बसत नाही, कारण डीजेच्या आवाजाला घोडा बिथरतो. नवरदेव बिथरत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी उघडी गाडी सांगतात. ऋतिक गोदामातली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी वराती करू लागला. एका वरातीचे सहा हजार. नवरदेव डाव्या सीटवर, ऋतिक उजव्या.

आदल्या वैशाखात शहापूरच्या एका वरातीत धाऊने स्वतः घड्याळ लावलं. देवळापासून मांडवापर्यंत अंतर सहाशे मीटर, लागलेला वेळ अडीच तास. म्हणजे सदर वाहनाचा कामावरचा वेग ताशी दोनशे चाळीस. मीटर. या वेगात एक आजी गाडीपुढे नाचता नाचता घरी गेली, बीपीची गोळी घेतली आणि परत येऊन त्याच जागी नाचू लागली.

अशा वाहनाला टर्बोची निकड भासावी यात नवल नाही.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, त्याने ताकद वाढते. धूरसुद्धा फुकट जाऊ द्यायचा नाही, हे त्यामागचं तत्त्व आहे आणि ते धाऊला मनापासून पटलं. मुरबाडच्या नवशाने आपल्या गाडीला तो आधीच बसवला होता. नवशा वरातीत गाडी जागच्या जागी रेज करी, टर्बो शिट्टी घाली, पोरं ओरडत. या शिट्टीचा भाव एका वरातीला अकरा हजार होता.

पण अंदाजपत्रकाआधी एक गोष्ट घडली, ती क्रमाने सांगणं भाग आहे. आश्विनात, भातकापणीला आठ दिवस असताना, सकुबाई सकाळी छाती धरून ओटीवर बसली. दारात वाहन एकच होतं आणि त्याला सीट दोन. उजवीकडे ऋतिक, डावीकडे ती. धाऊ मागून एसटीने गेला. त्याच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत सकुबाईच्या चपला. परत येताना ती अनवाणी कशी येईल, असा विचार त्याने केला होता. तो शहापूरच्या दवाखान्यात पोचला तेव्हा कळलं की ती वाटेतच गेली, त्या डाव्या सीटवर. (चपला कामाला आल्या नाहीत. स्टोअरमध्ये याला 'अनावश्यक मागणी' म्हणत. तीस वर्षांत धाऊने स्वतः असा कागद कधी काढला नव्हता.)

वाटेत काय झालं ते धाऊने विचारलं नाही आणि ऋतिकने सांगितलं नाही. दोघंही कामात होते. काय काम होतं ते दोघांनाही आता आठवत नाही.

त्यानंतर धाऊ रोज सकाळचा चहा गाडीत घेऊ लागला. दारात उभ्या गाडीत, डाव्या सीटवर, चपला काढून. गावात एकमताने ठरलं की म्हाताऱ्याला उतारवयात गाडीचं वेड लागलं. धाऊने हे मत खोडून काढलं नाही. सीटला पाठीशी एक खोलगट जागा झाली होती, ती त्याच्या मापाची नव्हती. तो जरा अंग चोरून बसे.

मार्गशीर्षात पहिली बैठक ओटीवर झाली. हजर सदस्य चार. ऋतिक, मागणी करणारा. जगन मिस्त्री, ज्याचं गॅरेज हायवेला आहे आणि जो प्रत्येक गाडीला 'हिच्यात दम हाय' असं सांगतो. भिमी, धाऊची बहीण, जिला दोन तालुक्यांतली ठरलेली, मोडलेली आणि मोडू शकणारी सगळी लग्नं ठाऊक असतात आणि जिच्यामुळे वराती मिळतात. आणि वही धरून धाऊ. (घरात दुखवट्याचं वर्ष आहे, तर वराती कराव्यात का, हा मुद्दा आला. गोडधोड नको, सण नको, पण धंद्याला सुतक नसतं, असं भिमीने चार जाणत्यांना विचारून आणलं होतं. चौघांपैकी तिघांच्या घरी यंदा लग्न आहे.)

मंजुरीसाठी मांडलेल्या बाबी अशा:

१. टर्बो, जुना, डिझेल गाडीचा – ३२,०००
२. तो इंजिनाला जोडायचा मॅनिफोल्ड – २४,०००
३. इंटरकूलर, म्हणजे हवा गार करायची जाळी, पाइपासह – २८,०००
४. ऑइलची लाइन – ९,५००
५. पिस्टन व हेड गॅस्केट (टर्बो इंजिनाला सोसावा म्हणून) – ६८,०००
६. क्लच (इंजिन क्लचला सोसावं म्हणून) – २१,०००
७. ब्रेक (हे सगळं रस्त्याला सोसावं म्हणून) – २६,०००
८. पेट्रोल पंप व इंजेक्टर – १९,०००
९. कॉम्प्युटरचं सेटिंग, ठाण्याच्या माणसाकडून (त्याचा नाष्टा घरचा) – ३५,०००
१०. मजुरी – ४०,०००
११. 'टर्बो' असं लिहिलेले स्टिकर, दोन्ही बाजूंना – ६००
१२. पूजा, नारळ, लिंबू-मिरची – १,१००
१३. आकस्मिक खर्च, दहा टक्के – ३०,४२०
१४. वजन कमी करणे: डावी सीट काढून विकणे – जमा ३,५००

निव्वळ खर्च तीन लाख एकतीस हजार एकशे वीस. म्हणजे गाडीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त. पण ऋतिकने मोबाइलवर हिशेब दाखवला. एका वरातीमागे पाच हजार जास्त मिळणार. यंदा अधिक महिन्यामुळे मेच्या शेवटचे मुहूर्त गेले, तरी सरासरी सतरा वराती धरल्या तर चार हंगामांत टर्बो फिटतो. गाडीचा वेग ताशी एकशे चाळीसवरून एकशे नव्वद होईल असं जगनने सांगितलं. हा वेग कुठे काढायचा, यावर सगळ्यांनी शेतापलीकडच्या महामार्गाकडे पाहिलं. तो धाऊच्या ओटीवरून छान दिसतो. त्यावर चढायला लांबचा वळसा पडतो, पण दिसतो छान.

धाऊने तेरा बाबी न बोलता लिहून घेतल्या. चौदावीला पेन थांबलं.

"सीट कशाला?"

"वजन, काका," जगन म्हणाला. "टर्बो आला म्हंजे अडतीस किलो वाढलं. तेवढं कुठून तरी काढायला लागतं. सीट चौदा किलोची हाय."

"मंग नवरदेव कुठं बसंल?"

"उभा राहील ना," ऋतिक म्हणाला. त्याने वडिलांकडे पाहिलं नाही. "फळी टाकू. उभ्याचा फोटो पन मस्त येतो, पुढाऱ्यासारखा."

धाऊने तिसऱ्या रकान्यात लिहिलं: वजन.

वजनाचं खरं कारण ओटीवरच्या चौघांना ठाऊक होतं, अंगणातल्या कुत्र्यालाही बहुधा असावं. दिवाळीनंतर तीन वराती परत गेल्या होत्या. "त्या सीटवर बाई गेली. तिथं आमच्या पोराला हळदीच्या अंगानं बसवू का?" असं नवरदेवाच्या आया भिमीला विचारत होत्या. पण अंदाजपत्रकात असं लिहीत नाहीत. अंदाजपत्रकात प्रत्येक गोष्टीला एक सभ्य नाव असतं, आणि सीटला ते मिळालं होतं.

इथून पुढे धाऊ या योजनेचा सर्वांत मेहनती सदस्य झाला. त्याने टर्बोला विरोध केला नाही. विरोध करणारा माणूस बैठकीबाहेर राहतो, हे तो कारखान्यात शिकला होता. तपासणी करणारा आत राहतो. त्याचं गणित साधं होतं. अडतीस किलो वाढणार म्हणून चौदा किलोची सीट जाणार. अडतीस कमी केले की सीट राहणार.

दुसऱ्या बैठकीला त्याने जगनकडून प्रत्येक भागाचं वजन लिहून आणलं होतं.

"ब्रेक कशाला?"

"काका, एकशे नव्वदला गाडी थांबवायची कशी?"

"वरातीत दोनशे चाळीस मीटरनं जाते. पाय खाली टेकवला तरी थांबते."

बाब सात रद्द. इंटरकूलर हवा गार करायला लागतो असं कळल्यावर, मांडवात पाण्याच्या फवाऱ्याचे पंखे असतातच, गाडी त्यांच्याजवळ उभी करावी, असं त्याने सुचवलं. बाब तीन रद्द. ब्रेक नाही म्हणून वेग नको, वेग नको म्हणून नवे पिस्टन नकोत, नवे पिस्टन नाहीत म्हणून क्लच जुनाच चालेल. तर्काला कुठे फट नव्हती. जगनने दोनदा "पन काका" म्हटलं आणि दोन्ही वेळा चहा घेतला.

वजन कमी करण्याचे पर्यायही धाऊने लेखी दिले. स्टेपनी तेरा किलो. जॅक तीन किलो. नवरदेवाचं सरासरी वजन अठ्ठ्याहत्तर किलो (फेटा, हार, तलवार धरून, भिमीच्या माहितीतले अकरा नवरदेव). तलवार लाकडी केली तर दीड किलो वाचतो. हळद लागल्यापासून नवरदेवाला मटण बंद केलं तर आणखी एक.

"दादा, हळदीला मटन बंद? लग्न मोडंल!" भिमी म्हणाली. तो पर्याय बहुमताने फेटाळण्यात आला.

पौषात तिसरी बैठक भरली तेव्हा यादीत टर्बो, तो जोडायचं सामान, मजुरी, स्टिकर, पूजा आणि चौदावी बाब एवढंच उरलं होतं. जगनने बराच वेळ टोपी हातात फिरवली आणि खिशातून हाताच्या अंगठ्याएवढी एक नळी काढून वहीवर ठेवली.

"काका, खरं बोलू? एवढं सगळं काढल्यावर टर्बो लावला तर इंजिन आठवड्यात फुटंल. आनि लोकांना काय पायजे? आवाज पायजे. ही शिट्टी. सायलेन्सरच्या तोंडात बसते. गाडी रेज केली की टर्बोसारखी वाजते. ऑनलाइन, घरपोच, तीनशे वीस रुपये."

"आनि टर्बो?"

"शिट्टी वाजली म्हंजे टर्बो हायच ना. बॉनेट उघडून कोन बघतंय? नवशाचं तरी कोनी बघितलं?"

ही गोष्ट आजवर कोणाला सुचली नव्हती. नवशाचं खरंच कोणी बघितलं नव्हतं.

सुधारित अंदाजपत्रक जागेवरच तयार झालं. शिट्टी तीनशे वीस, स्टिकर सहाशे, पूजा अकराशे, त्यावर दहा टक्के. एकूण दोन हजार दोनशे बावीस. वजा सीटचे जमा साडेतीन हजार. शिल्लक एक हजार दोनशे अठ्ठ्याहत्तर. बसवण्याआधीच नफ्यात आलेला टर्बो देशात इतरत्र कुठे असेल असं वाटत नाही. ऋतिकच्या चेहऱ्यावरही क्षणभर समाधान दिसलं.

धाऊने पेनचं टोपण काढलं. दीड महिना तो याच क्षणासाठी मेहनत करत होता.

"शिट्टीचं वजन साठ ग्रॅम," तो म्हणाला. "वजन वाढत नाय. म्हंजे कमी करायचं कारन नाय. बाब चौदा रद्द."

जगन शिट्टीकडे बघत राहिला.

"दादा," भिमी शेवटी म्हणाली, "कशाला बोलाया लावतोस? वजनाचं नाय ते. तुला बी ठाव हाय."

"वहीत वजन लिवलंय."

"मंग खोड ते."

"खोडतो. काय लिवू?"

भिमीने पदर सावरला.

"लिवा ना," ऋतिक एकदम म्हणाला. "आई त्या सीटवर गेली म्हनून. लिवा. मला काय टर्बो वरातीला पायजे होता? वरातीत ढकलत नेली तरी चालते ही गाडी. शहापूरच्या अलीकडं तो चढ हाय ना, तिथं ही दुसऱ्या गिअरवर आली. मी पाय फुल दाबलाय आनि ही बैलगाडीवानी. हलतच नाय. आईनं माझ्या हातावर हात ठेवला. बोल्ली, सावकाश ने रे, कसली घाई हाय? मंग काय बोल्ली नाय." त्याने ओटीच्या खांबाला अंगठ्याने खरवडलं. "टर्बो असता तर चढली असती ना गाडी? जगन, तू सांग. चढली असती ना?"

जगनला तो चढ ठाऊक होता आणि गाडीही. टर्बोने तिथे फार तर दीड मिनिट वाचलं असतं. पण तो गॅरेजवाला आहे, डॉक्टर नाही. त्याने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, हे इतिवृत्तात नाही.

धाऊलाही एक हिशेब ठाऊक होता. त्यात दीड मिनिट नव्हतं, दोन महिने होते, श्रावणापासूनचे. तोही त्याने सांगितला नाही. त्याने वही पुढे ओढली, 'वजन' हा शब्द खोडला आणि त्या दिवसाची नोंद पूर्ण केली: बाब चौदावर चर्चा झाली. सीट काढावी. विकू नये. मग तिसऱ्या रकान्यात, तीस वर्षं ज्या शब्दाचे कागद त्याने परत केले होते तो शब्द लिहिला: कामासाठी.

साडेतीन हजार जमा न झाल्याने अंदाजपत्रक पुन्हा तुटीत गेलं. ते एकमताने मंजूर झालं.

सीट बापलेकांनी मिळून काढली. चार बोल्ट होते, गंजलेले.

"कितीचा पाना?"

"बारा."

"नाय बसत."

"तेरा बघा. वरच्या अंगानं धरा, बाबा. हां. दमानं."

"धरलंय. तू फिरव."

आश्विनापासून दोघांत एवढं बोलणं झालं नव्हतं. सीटखाली कोंबडीची तीन पिसं निघाली आणि एक अंडं, शेठच्या काळातलं. ते धाऊने जपून उचललं आणि जपूनच लांब नेऊन टाकलं. सीट पुसली, दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आणि ओटीवर भिंतीला लावून पक्की केली. चहाची जागा बदलली, सीट तीच राहिली. समोर महामार्ग दिसतो.

माघात वैशाखऱ्याहून नामा आला. त्याच्या मुलाचं लग्न होतं. भिमीने सांगितल्यावरून तो वरातीचा विसार घेऊन आला होता. चपला पायरीशी काढून तो ओटीवर चढला, इकडेतिकडे बघितलं आणि समोर जी बरी जागा दिसली तिच्यावर बसला.

"टर्बोवाली ना?"

"टर्बोवाली."

"वाजवून दाखव बघू."

ऋतिकने अंगणात गाडी रेज केली. शिट्टी वाजली. झाडावरचे कावळे उडाले. नामाने पसंतीची मान हलवली, पैसे काढले आणि मग आवाज जरा खाली आणला.

"धाऊदादा, एक इचारू? राग मानू नका. ती सीट काढली ना? मी काय तसलं मानत नाय. पन आमची तानी ऐकत नाय. आई हाय शेवटी पोराची."

"काढली," धाऊ म्हणाला.

"बरं झालं. जीव हलका झाला बघा." नामा मागे रेलला. त्याने पाठ दोनदा इकडेतिकडे हलवून नीट टेकवली. "ही खुर्ची झकास हाय हो. पाठ कशी बरोबर बसते. कुठं घेतली?"

"घरातलीच हाय," धाऊ म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला.

वैशाखातली ती वरात गाजली. दोन्ही बाजूंना 'टर्बो' लिहिलेलं होतं. नवरदेव फळीवर अडीच तास उभा राहिला. शेवटी शेवटी त्याचे गुडघे वाकले, पण फोटो पुढाऱ्यासारखे आले. तानीने स्वतः येऊन ऋतिकच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला आणि शिट्टीचं कौतुक केलं. आता नवशा नव्या आवाजाची चौकशी करत फिरतो असं ऐकतो. त्या दिवशी ऋतिकने गाडी अगदी सावकाश नेली. कसली घाई नव्हती.

वर्षश्राद्ध येत्या आश्विनात आहे. त्याचं अंदाजपत्रक अजून केलेलं नाही.

एक राहिलं. वाचणाऱ्यांत जे काटेकोर असतील त्यांनी चौदा बाबींची बेरीज करून पाहिली असेल. ती बरोबर आहे. शिट्टीची किंमतही लक्षात असेल, तीनशे वीस, घरपोच. आता मागे न बघता सांगा, सकुबाईच्या तपासणीला किती रुपये लागणार होते? आकडा अगदी सुरुवातीला एकदा आला होता, कंसात.

नाही ना आठवत? राहू द्या. सवडीने बघा. भात झोडून झालं की.